टापांचा कानोसा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेतील चित्रपट बोलू लागल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतील वेस्टर्न चित्रपटांविषयी, म्हणजे फरारी दरोडेखोर आणि त्यांच्या मागावर निघालेले कायद्याचे रखवालदार यांच्या कथांविषयी, लेख दिला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तेथे ती एका प्रश्नात एकत्र केली आहे.

प्रश्न : ‘इन ओल्ड ॲरिझोना’ हा उघड्या माळरानावर चित्रित झालेला पहिला मोठा बोलपट, असे लेखात म्हटले होते. बोलपट तर त्याआधीच सुरू झाले होते. मग या चित्रपटात एवढे नवे काय होते?

उत्तर : नवे होते ते ध्वनिमुद्रणाचे ठिकाण, आणि त्या एका गोष्टीने वेस्टर्नचा जीव वाचला असे आमचे मत आहे. ऑक्टोबर १९२७मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा पहिला गाजलेला बोलपट झळकला आणि पुढच्या वर्षभरात हॉलिवूडच्या स्टुडिओंची दारे-खिडक्या बंद झाली. मायक्रोफोनला निवड करता येत नाही. नटाच्या वाक्याबरोबर कॅमेऱ्याची घरघर, शेजारच्या रस्त्यावरची गाडी, वाऱ्याचा झोत असे सगळेच तो टिपतो. म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन यांना एका बंदिस्त, कोंदट खोक्यात बसवले जाई आणि नटमंडळी फुलदाणीत किंवा दिव्याच्या आड लपवलेल्या मायक्रोफोनभोवती घोटाळत राहत. ज्या चित्रपटाचा सगळा प्राण धावण्यात आहे, घोड्यात आहे, क्षितिजात आहे, त्याने या खोलीत काय करायचे? वेस्टर्नचे दिवस भरले, असे तेव्हा अनेक जाणकारांना मनापासून वाटत होते.

फॉक्स कंपनीकडे मात्र एक साधन होते. तिची ‘मूव्हीटोन’ पद्धत आवाज तबकडीवर न कोरता थेट फिल्मच्या कडेला उमटवी. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विद्युतप्रवाहानुसार एका दिव्याचा प्रकाश कमी-जास्त होई आणि त्याच्या फिकट-गडद आडव्या रेघांची चिंचोळी पट्टी चित्राच्या शेजारी छापली जाई. याउलट वॉर्नर बंधूंच्या ‘व्हायटाफोन’ पद्धतीत १६ इंच व्यासाची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी एका रिळासाठी, म्हणजे सुमारे ११ मिनिटांसाठी, लागे. फिल्म तुटली आणि जोडताना चार चौकटी गळाल्या, की पुढे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. शिवाय मेणाच्या तबकडीवर सुईने खाचा पाडण्याचे ते नाजूक काम खडकाळ माळावर नेणे सोपे नव्हते. फॉक्सच्या वार्तापटांच्या ध्वनिगाड्या मात्र १९२७पासून उघड्यावर फिरत होत्या. त्या वर्षीच्या २० मे रोजी लिंडबर्गचे विमान अटलांटिक ओलांडायला उडाले, तेव्हा त्याच्या इंजिनाचा आवाज मूव्हीटोननेच टिपला होता. वार्तापटाला जे जमते ते कथापटाला का जमू नये, हा विचार राऊल वॉल्श या दिग्दर्शकाने उचलून धरला.

वॉल्श स्वतःच या चित्रपटात नायकाचे, म्हणजे सिस्को किड या दरोडेखोराचे, काम करणार होता. युटामध्ये चित्रीकरण चालू असताना रात्री मोटारीतून परतताना एक ससा उडी मारून समोरची काच फोडून आत आला आणि काचेच्या तुकड्यांनी वॉल्शचा उजवा डोळा गेला. नायकाचे काम वॉर्नर बॅक्स्टरकडे आले, उरलेले दिग्दर्शन अर्व्हिंग कमिंग्जने पूर्ण केले आणि दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे लागली. वॉल्शने पुढे आयुष्यभर त्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली. बॅक्स्टरला मात्र याच भूमिकेने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवून दिले.

आता तो चित्रपट पाहताना, खरे तर ऐकताना, लक्ष द्यावे ते संवादांकडे नव्हे. संवाद आज जड वाटतात. माणसे उभी राहतात, एकमेकांकडे वळतात, वाक्य पूर्ण होऊ देतात आणि मगच पुढचा बोलतो. बॅक्स्टरने धारण केलेला स्पॅनिश हेलही रंगमंचावरचाच आहे. लक्ष द्यावे ते मधल्या आवाजांकडे. चर्चची घंटा वाजते, कुठेतरी गाढव ओरडते, तव्यावर मांसाचे काप तडतडतात. हे तडतडणे १९२९च्या प्रेक्षकांच्या कानात इतके राहिले, की त्याचा उल्लेख पुढच्या अनेक आठवणींतून येतो. आम्ही हा प्रसंग कानाला हेडफोन लावून तीनदा ऐकला. कथेला त्या तव्याची काडीचीही गरज नाही. पण तो आवाज ऐकताच पडद्यावरच्या त्या घराला भिंती येतात, चूल येते आणि आत भूक लागलेला एक माणूस येतो. आणि मग घोडा निघून जातो तेव्हा टापा हळूहळू विरत जातात. दूर गेलेला आवाज दूरचा वाटणे ही आज आपल्याला विशेष न वाटणारी गोष्ट आहे. बंद खोलीत मुद्रित झालेल्या बोलपटांवर वाढणाऱ्या त्या वर्षीच्या प्रेक्षकाला तो मोकळा अवकाश पहिल्यांदाच कानांनी मोजता आला.

पाठलागाच्या कथेला तर हे वरदानच होते. मूकपटात पाठलाग दिसे: पुढे एक घोडा, मागे दहा घोडे, आलटून पालटून. १९०३च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासून हेच चालू होते. आवाज आल्यावर पाठलाग दिसण्याआधी ऐकू येऊ लागला. फरारी माणूस कानोसा घेतो, आपणही त्याच्याबरोबर घेतो, आणि धुरळा दिसायच्या आत आपल्याला कळलेले असते की ते आले.

प्रश्न : त्याच चित्रपटात दरोडेखोराच्या मागावर शेरीफ नसून लष्करातील सार्जंट आहे. हे वास्तवाला धरून आहे का?

उत्तर : मुळात ही कथा ओ. हेन्री यांच्या १९०७मधील ‘द कॅबॅलेरोज वे’ या गोष्टीवरून घेतली आहे आणि त्या गोष्टीत पाठलाग करणारा आहे टेक्सास रेंजर्सचा लेफ्टनंट. चित्रपटात कथा ॲरिझोनात नेली, तेव्हा रेंजर बाजूला पडला आणि एडमंड लो यांनी रंगवलेला घोडदळाचा सार्जंट मिकी डन त्याच्या जागी आला. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल लंगडा आहे. अमेरिकी काँग्रेसने १८७८मध्ये ‘पॉसी कॉमिटॅटस’ कायदा करून, खास परवानगी असल्याशिवाय, मुलकी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लष्कर वापरण्यास मनाई केली होती. कथेचा काळ त्या शतकाच्या अखेरीचा धरला, तर एखाद्या सार्जंटला नुसते बोलावून ‘त्या दरोडेखोराला पकडून आण’ असे सांगणे कोणाही वरिष्ठाला अवघड गेले असते. ॲरिझोनातील टोळ्यांचा उपद्रव इतका वाढला होता की ३ मे १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांना, टोळ्या पांगल्या नाहीत तर लष्करी बळ वापरू, अशी जाहीर ताकीद द्यावी लागली. म्हणजे लष्कर आणायचे तर त्यासाठी थेट राष्ट्राध्यक्षांनी तोंड उघडावे लागे.

मूळ गोष्ट आणि चित्रपट यांत आणखी एक मोठा फरक आहे आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. ओ. हेन्री यांचा किड हा निर्ढावलेला खुनी आहे. चित्रपटातील सिस्को रंगेल, गाणारा, बायकांशी अदबीने वागणारा आहे. शेवट मात्र दोन्हीकडे सारखाच भीषण. टोनिया ही त्याची प्रेयसी त्याला पकडून द्यायला तयार झाली आहे, हे त्याला कळते. तो तिचे पत्र मध्येच गाठून त्याऐवजी खोटी चिठ्ठी पाठवतो, की फरारी माणूस बाईच्या वेशात निसटणार आहे. आणि दबा धरून बसलेला शिपाई आपल्याच बाजूच्या त्या बाईवर गोळी झाडतो. किड शिपायाच्या हातावर तुरी देऊन निघून जातो. मूळ गोष्टीत हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण किड तसाच आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असते. चित्रपटात मात्र दीड तास ज्याच्यावर माया जडवली त्याच माणसाने एका बाईला मारवले, आणि तरी चित्रपट त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहतो. डोरोथी बर्जेसने साकारलेल्या टोनियाच्या वाट्याला एकही सहानुभूतीचा क्षण येत नाही. हा दोष त्या काळाचा म्हणून सोडून द्यावा असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : शेरीफ, मार्शल, रेंजर आणि पॉसी हे शब्द चित्रपटांत सरमिसळ वापरलेले दिसतात. त्यांत नेमका फरक काय?

उत्तर : शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, अधिकारी, तो साधारणपणे निवडून येतो आणि त्याचा अंमल काउंटीच्या हद्दीपुरता. दरोडेखोराने हद्द ओलांडली की शेरीफचे हात बांधले जातात, आणि कितीतरी कथांचा पेच याच एका रेषेवर उभा आहे. टाउन मार्शल किंवा सिटी मार्शल हा गावाचा. यू. एस. मार्शल हा केंद्र सरकारचा, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला, आणि त्याच्या हाताखाली डेप्युटी असतात. टेक्सास रेंजर्स हे टेक्सासचे राज्यव्यापी दल असल्यामुळे काउंटीची हद्द त्यांना आडवी येत नसे. पॉसी म्हणजे शेरीफने पाठलागासाठी हाक देऊन जमवलेले गावातील धडधाकट पुरुष; बिल्ला एकाकडे आणि बंदुका सगळ्यांकडे.

चित्रपटांत क्वचितच दिसते ती गोष्ट म्हणजे शेरीफपदाचे अर्थकारण. ॲरिझोनातील कोचीस काउंटी फेब्रुवारी १८८१मध्ये स्थापन झाली. तिच्या शेरीफकडे करवसुलीचे कामही होते आणि वसूल केलेल्या रकमेतील काही हिस्सा त्याला मिळे. टूमस्टोन हे चांदीच्या खाणींचे गाव त्याच काउंटीत असल्यामुळे ते पद म्हणजे घबाडच होते. जॉनी बेहान तेथील पहिला शेरीफ, आणि वायट अर्प या पुढे दंतकथा बनलेल्या कायद्याच्या रखवालदाराचा डोळाही त्याच जागेवर होता. दोघांच्या पुढच्या वैराची एक मुळी येथे आहे. पडद्यावर मात्र ती सहसा सज्जन आणि दुर्जन यांच्या वैरात बुडून जाते.

अर्प बंधूंच्या हकिकतीत तर पाठलागाचा सारा अर्थच उलटापालटा होतो. मार्च १८८२मध्ये वायटचा भाऊ मॉर्गन याचा खून झाल्यावर वायट डेप्युटी यू. एस. मार्शल म्हणून आपल्या माणसांसह संशयितांच्या मागे निघाला. त्याने टूसॉनमध्ये फ्रँक स्टिलवेल या संशयिताला मारले, म्हणून त्याच्याच नावाने वॉरंट निघाले आणि शेरीफ बेहान आपली पॉसी घेऊन वायटच्या मागे निघाला. दोन्ही टोळक्यांकडे बिल्ले, दोन्हींकडे कागदपत्रे. दूरच्या टेकडीवरून पाहणाऱ्या एखाद्या मेंढपाळाला कोण कायद्याचा आणि कोण फरारी हे सांगता आले नसते.

प्रश्न : या काळातील एकच चित्रपट पाहायचा असेल तर कोणता पाहावा?

उत्तर : ‘लॉ अँड ऑर्डर’, १९३२. दिग्दर्शक एडवर्ड एल. कान, निर्मिती युनिव्हर्सलची, आधार डब्ल्यू. आर. बर्नेट यांची ‘सेंट जॉन्सन’ ही कादंबरी. पटकथेच्या कामात तरुण जॉन ह्यूस्टन होता आणि मुख्य भूमिकेत त्याचे वडील वॉल्टर ह्यूस्टन.

नावे बदललेली असली तरी ही वायट अर्पचीच कथा आहे. फ्रेम जॉन्सन हा नावाजलेला मार्शल आपल्या साथीदारांसह टूमस्टोनला येतो. त्याला आता हे काम नको आहे. गाव त्याला गळ घालते आणि तो बिल्ला स्वीकारतो. मग ज्यांनी गळ घातली त्यांनाच त्याचा कायदा जड वाटू लागतो. या चित्रपटात प्रेमकथा नाही. नायकाच्या गळ्यात पडणारी, त्याला समजावणारी, शेवटी त्याच्याबरोबर गाडीत बसणारी कोणी नाही. त्या काळच्या स्टुडिओने हे कसे मान्य केले याचे आम्हाला आजही नवल वाटते.

या चित्रपटातील एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. जॉनी किन्समन नावाचा एक भोळाभाबडा शेतकरी, अँडी डिव्हाइनने साकारलेला, याच्या हातून एक माणूस मारला गेला आहे. लोक त्याला झाडाला लटकवायला निघाले आहेत. जॉन्सन झुंडीला अडवतो, खटला रीतसर व्हावा म्हणून जिवावर उदार होतो. खटला रीतसर होतो, आणि शिक्षाही रीतसर फाशीचीच होते. जॉनी भेदरलेला आहे. त्याला धीर देताना सांगितले जाते, की या गावात कायद्याने फाशी जाणारा तू पहिलाच, ही काही साधी गोष्ट नव्हे. डिव्हाइनचा तो घोगरा, चिरकणारा आवाज होता म्हणूनच हा प्रसंग उभा राहिला. मूकपटात तो झालाच नसता. भीतीतून अभिमानाकडे सरकणारा तो आवाज ऐकताना आपल्याला हसू येऊ लागते आणि त्याच क्षणी घशात अडकते. झुंडीने मारले काय आणि कायद्याने मारले काय, जॉनीच्या दृष्टीने फरक काय पडला, हा प्रश्न चित्रपट शब्दांत विचारत नाही. जॉन्सनच्या चेहऱ्यावर मात्र तो शेवटपर्यंत राहतो. वॉल्टर ह्यूस्टनचा अभिनय आवाजापेक्षा थांबण्यात आहे. बोलपटात न बोलणे हेही एक साधन आहे, हे इतक्या लवकर ज्यांना उमगले त्यांत त्याचा नंबर वरचा लागतो.

शेवटच्या चकमकीची तुलना इतिहासाशी करून पाहावी. टूमस्टोनमधील अर्प बंधू आणि त्यांचे विरोधक यांच्यातील खरी चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी झाली, ती साधारण ३० सेकंद चालली, सुमारे ३० गोळ्या सुटल्या आणि टॉम व फ्रँक मॅक्लॉरी हे भाऊ आणि बिली क्लँटन असे तिघे मेले. तिचे निमित्त होते गावात शस्त्र बाळगण्यावरील बंदी. टूमस्टोनच्या नगरपालिकेने एप्रिल १८८१मध्ये तसा नियम केला होता आणि त्या दिवशी वायटचा भाऊ, सिटी मार्शल व्हर्जिल अर्प, समोरच्यांची शस्त्रे काढून घ्यायला निघाला होता. ‘लॉ अँड ऑर्डर’मधील चकमक त्याहून कितीतरी मोठी आणि रक्तरंजित आहे. जॉन्सन एकटा उरतो आणि गाव सोडून जातो. तपशील इतिहासाचा नाही, पण नंतरच्या एकाकीपणाचा सूर खरा आहे. प्रत्यक्षातही अर्प त्या गावात राहू शकले नाहीत. डिसेंबर १८८१मध्ये व्हर्जिलवर दबा धरून गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. पुढच्या मार्चमध्ये मॉर्गन मारला गेला.

काळाची जवळीक लक्षात घेतली तर हा चित्रपट वेगळाच दिसू लागतो. ‘इन ओल्ड ॲरिझोना’ लॉस एंजेलिसमध्ये २५ डिसेंबर १९२८ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा खरा वायट अर्प त्याच शहरात जिवंत होता. त्यानंतर १९ दिवसांनी, १३ जानेवारी १९२९ रोजी, तो वारला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विल्यम एस. हार्ट आणि टॉम मिक्स हे मूकपटांतील दोन सर्वांत मोठे काउबॉय नट होते. ज्याने तो काळ जगला त्याला, ज्यांनी तो काळ पडद्यावर केला त्यांनी खांदा दिला, आणि तीन वर्षांत त्याची कथा बोलू लागली.

प्रश्न : १९३०च्या ‘बिली द किड’मध्ये शेरीफ पॅट गॅरेट शेवटी बिलीला सोडून देतो. इतिहासात तर त्याने बिलीला ठार मारले. एवढा बदल का केला?

उत्तर : प्रेक्षकाला नायक हवा होता म्हणून. बिली हा खराखुरा फरारी बंदूकबाज. पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे, पीट मॅक्सवेलच्या घरातील अंधाऱ्या खोलीत, बिलीवर गोळी झाडली, हे सर्वश्रुत आहे. किंग व्हिडॉर दिग्दर्शित या चित्रपटात जॉनी मॅक ब्राऊन बिली आहे आणि वॉलेस बिअरी गॅरेट. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत गॅरेट त्याला निसटू देतो. युरोपसाठी वेगळा, मृत्यूचा शेवट ठेवला होता.

या सैल शेवटांना तेव्हा परवानगी होती, हेही लक्षात घ्यावे. चित्रपट उद्योगाने नीतिनियमांची संहिता मार्च १९३०मध्ये स्वीकारली खरी, पण तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली ती १९३४च्या मध्यापासून. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे हा दंडक त्यानंतरचा. म्हणून सिस्को हसत निघून जाऊ शकला, बिली सीमेकडे जाऊ शकला आणि जॉन्सनच्या कायद्याने एक भोळा माणूस फासावर चढवला, असे दाखवता आले. नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत असा शेवट शोधूनही सापडणे कठीण.

प्रश्न : याच सुमारास रुंद पडद्याचे प्रयोग झाले असे वाचले. ते का टिकले नाहीत?

उत्तर : थोडक्यात सांगायचे तर पैसा नव्हता. ‘बिली द किड’ आणि वॉल्शचा ‘द बिग ट्रेल’ हे दोन्ही १९३०चे चित्रपट ७० मिलिमीटरच्या फिल्मवरही चित्रित झाले. चित्रपटगृहांच्या मालकांनी नुकताच ध्वनियंत्रणेवर खर्च केला होता, त्यात महामंदी कोसळली, आणि नवी प्रक्षेपक यंत्रे व मोठे पडदे घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. बहुतेक प्रेक्षकांनी हे चित्रपट साध्या ३५ मिलिमीटरमध्येच पाहिले. ‘द बिग ट्रेल’ आपटला आणि त्यातला २३ वर्षांचा नवा नायक जॉन वेन जवळजवळ दहा वर्षे स्वस्तातल्या चित्रपटांत अडकून पडला. त्याची रुंद आवृत्ती आर्थर एडेसन या छायाचित्रकाराने टिपली, आणि ‘इन ओल्ड ॲरिझोना’चा छायाचित्रकारही तोच. आज ती आवृत्ती पुन्हा पाहता येते आणि जरूर पाहावी. गाड्यांचा तांडा कड्यावरून दोरांनी खाली सोडतात तो प्रसंग पाहताना चौकटीच्या कोपऱ्या-कोपऱ्यांत कोणीतरी खरेखुरे काम करताना दिसते.

प्रश्न : पॉसीने कायदा हातात घेणे या चित्रपटांना मान्य होते का?

उत्तर : एका चित्रपटाने तरी हा प्रश्न मनाला लावून घेतला. व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित ‘द व्हर्जिनियन’ हा १९२९चा, ओवेन विस्टर यांच्या १९०२च्या कादंबरीवरचा, गॅरी कूपरच्या कारकिर्दीला वळण देणारा चित्रपट. वायोमिंगमधील एका गुरांच्या मळ्यावरचा मुकादम, म्हणजे कूपर, आणि त्याचा जिवलग मित्र स्टीव्ह यांच्यात लावा पक्ष्याच्या शिळेची एक खूण ठरलेली आहे. पुढे स्टीव्ह गुरे चोरणाऱ्यांत सामील होतो, पाठलाग करून पकडला जातो आणि न्यायालय दूर असल्याने जागच्या जागी फाशी द्यायचे ठरते. त्या फाशीची तयारी करणाऱ्यांचा म्होरक्या त्याचा मित्रच आहे. आणि त्या वेळी तीच लाव्याची शीळ ऐकू येते. कूपर काही बोलत नाही. कायदा नसलेल्या जागी पाठलागाचा शेवट काय होतो, हे सांगायला त्या एका शिळेपेक्षा जास्त काही लागत नाही. चित्रपट पुढे या फाशीचे समर्थनच करतो, मळेवाल्यांची बाजू घेतो, आणि तेथे आमचे त्याच्याशी जुळत नाही. पण ती शीळ त्या समर्थनाला पुरून उरते.

प्रश्न : १९३३-३५ मधील जॉन वेनचे छोटे चित्रपट पाहिले. काही प्रतींमध्ये पाठलागाला सलग संगीत आहे, काहींमध्ये अजिबात नाही. मूळ कसे होते?

उत्तर : मूळ बहुतेक ठिकाणी बिनसंगीताचे. लोन स्टारच्या नावाने निघालेले हे सुमारे तासाभराचे चित्रपट अतिशय कमी पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकले जात. शीर्षकाला थोडे संगीत, शेवटी थोडे, आणि मधे फक्त टापा, गोळ्या आणि धूळ. नंतरच्या काळात ते पुन्हा वितरित करताना काहींनी त्यांवर सिंथेसायझरचे नवे संगीत चढवले. संगीत असलेली प्रत हाती आली तर ती बाजूला ठेवून दुसरी शोधावी, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे.

या चित्रपटांच्या कथा बेताच्याच आहेत. बहुधा वेन हा ओळख लपवून आलेला सरकारी माणूस असतो, गावकरी त्यालाच दरोडेखोर समजतात आणि खरा चोर गावातला प्रतिष्ठित निघतो. पण पाठलाग सुरू झाला की यकिमा कनुट या कसरतपटूचे काम पाहत राहावे. भरधाव घोड्यांच्या जोडीमध्ये उतरणे, गाडीखालून सरपटत मागे जाणे, धावत्या घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर झेप घेणे, हे सारे तो प्रत्यक्ष करी. संगीत नसल्यामुळे घोडा वळणावर घसरतो तेव्हा खडीचा आवाज वेगळा येतो, ओढ्यात उतरतो तेव्हा टापा एकदम मऊ होतात आणि पलीकडच्या काठावर चढला की पुन्हा कडक. पाठलाग करणारा किती मागे आहे हे एवढ्यावरून कळते. मागच्या टापा अजून पाण्यातच वाजत असतील, तर पुढच्याला अजून वेळ आहे.